फुंडी कुणाच्या हातचं खात नाही

१४ नोव्हेंबर. जानेफळ.

पोचलो एकदाचे. खामगावच्या स्टेशनाबाहेर मोटारवाल्याने कुत्रं पाहून हातच जोडले, म्हणून बैलगाडी केली. दोन दिवस. फुंडी कोसभर गाडीत बसला, मग आपणच उतरला आणि दोन चाकांच्या मधल्या सावलीतून चालू लागला. गाडीवान म्हणाला, "हे त इथलंच कुत्रं हाय बाई." जन्म युगांडात, बारा दिवस बोटीवर. त्याला हे कोणी शिकवलं असेल?

दारात आत्याबाई ताट घेऊन उभ्या. (आत्याबाई म्हणजे सासूबाई. ह्यांनी बोटीवरच घोकून घेतलं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हेही. वहीतसुद्धा पाळते आहे.) आम्हाला ओवाळून झालं आणि फुंडीपाशी गाडी अडली. समुद्रापलीकडून आलेल्या कुत्र्याचं काय करायचं असतं? कुणालाच ठाऊक नाही. शेवटी नवा बैल घरी आणल्यावर करतात ते केलं. पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, पाच बायांच्या हातून एकेक घास भाकर-गुळाचा.

कुंकू लावून घेतलं पठ्ठ्याने. घास पाचींचाही नाकारला. तोंड फिरवून माझ्याकडे बघत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं. गडबडीने एकीच्या हातातला तुकडा घेऊन मीच पुढे केला, तर गपकन गिळला.

हे करायला नको होतं. तो तुकडा शेजारच्या गोदाकाकूंचा, ह्यांच्या चुलत काकू. त्या हात झटकत म्हणाल्या, "म्हंजे भाकर चालते. हात नाही चालत."

१६ नोव्हें.

आत्याबाईंना नीट सांगितलं. बाबा तिकडे कापसाच्या जिनमध्ये फिटर, हेही तिथेच कामाला. आमचं पहिलं कुत्रं जिनमागे तरसासाठी टाकलेलं विषाचं मांस खाऊन गेलं. म्हणून फुंडीला बाबांनी पिल्लू असताना दोन महिने खपून शिकवलं: तीनच हात. बाबांचा, ह्यांचा, माझा. बाकी कुणी खीर दिली तरी नाही. बाबा आषाढात गेले. म्हणजे आता दोन हात, त्यातला एक उद्या खामगावला चालला, तिथल्या जिनमध्ये हंगामभर काम मिळालंय.

आत्याबाईंना पटलं. त्यांनी गल्लीला सांगितलं. गल्लीला पटलं नाही. गल्लीचं मत असं की कुत्रं जात पाहतं.

फुंडी म्हणजे तिकडे मिस्त्री. हे कळल्यापासून पोरंसोरं त्याला मिस्त्री म्हणतात. ओ देतो! तेवढ्याला हरकत नाही त्याची.

१७ नोव्हें.

हे गेले. जाताना पुन्हा ठरलं तेच बोलले. "शिमग्यापर्यंत राहून पाह्य. तुझं मन नाही लागलं त परत जाऊ." तिकडच्या जिनवाल्याने जागा तोवर धरून ठेवलीय. म्हणजे सगळं माझ्यावर. मी मोंबासापलीकडे कधी गेले नव्हते, आता एका गावाची परीक्षा घ्यायची. की त्याने माझी?

२३ नोव्हें.

दिवस लहान होतोय. खरंच. रोज तुळशीपाशी सावली मोजते. तिकडे वर्षभर दिवस-रात्र सारखी; दिवस लहान-मोठा होतो हे पुस्तकात वाचलं होतं आणि थाप वाटली होती. आ.बाईंना विचारलं, कुठपर्यंत लहान होणार? "संक्रांतीलोक. मंग तिळातिळानं वाढते." तीळ हे माप मला फार आवडलं.

थंडी! पहाटे तोंडातून वाफ निघाली तेव्हा मी घाबरले. फुंडी स्वतःच्या वाफेला चावायला गेला.

३० नोव्हें.

ज्वारीची भाकर. बाबा नगरकडचे, पण तिकडे मक्याचं पीठ, तेच खाऊन वाढलो. मी थापली की आफ्रिकेचा नकाशा होतो. आ.बाई हसून हसून खोकल्या. "राहू दे, कुत्र्याले दे." त्याने खाल्ली. माझ्या हातची असली की त्याला आकाराचं काही नाही.

विहिरीवर बाया माझं बोलणं ऐकायला मुद्दाम थांबतात. "पुस्तकावानी बोलते व माय." मग मीही त्यांचं टिपून घेते. 'काऊन' हा शब्द मला 'का'पेक्षा जास्त प्रश्न विचारणारा वाटतो.

८ डिसेंबर

आज कापूस वेचायला गेले, आमच्याच शेतात. बोंडं फाटलेली पाहिली आणि बाबांची आठवण आली. कापूस तोच. फक्त इथे झाडं कमरेखाली आणि बाया गाणी म्हणतात.

दुपारी बांधावर गोल बसल्या. इथली रीत: प्रत्येकीने आपलं फडकं सोडायचं, मध्ये सरकवायचं, सगळ्यांचं सगळ्यांनी खायचं. वांगं, ठेचा, कांदा, कुणाची अंबाडीची भाजी. मी सगळ्यांचं खाल्लं. माझं फडकं गोलातून फिरून माझ्यापाशी आलं, तीन भाकरी होत्या, तीनच परत. (गोल झाल्या होत्या आज. पहिल्यांदा.)

बोलल्या त्या गोदाकाकू. शांतपणे, कांदा फोडत. "तुह्या मिस्त्रीले माह्या हातचं चालत नाही. मंग मले तुह्या हातचं काऊन चालावं? समुद्रापल्याड काय काय खाल्लं असन, कोनाकोनाच्या हातचं, कोनाले मालूम?"

उत्तर होतं माझ्याकडे. फार लांबलचक होतं. तीन भाकरी परत फडक्यात बांधल्या.

रडले नाही असं लिहिणार होते. रडले. बाभळीमागे जाऊन.

९ डिसें.

ह्यांना पत्र लिहिलं. शिमगा कशाला, आत्ताच परत जाऊ. लिहून उशीखाली ठेवलं. डाकवाला गुरुवारी येतो.

११ डिसें.

डाकवाला आला होता. पत्र दिलं नाही. का, ते माहीत नाही. त्या वेळी चुलीवर भाकर होती आणि ती फुगत होती. उठवेना.

१५ डिसें.

अंग दुखतं. आ.बाई म्हणतात हीव भरलं. फुंडीला

२ जानेवारी

मधली पानं कोरी. हिवताप. आठ दिवस शुद्ध नव्हती म्हणे, नंतर उठवत नव्हतं. ह्यांना निरोप धाडला तो उशिरा पोचला, सहाव्या दिवशी आले. चार दिवस राहून परत कामावर. आता मी भिंतीला टेकून बसते, पेज पिते. हात कापतो म्हणून अक्षर असं.

फुंडीचं आ.बाईंनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत टिपते:

"थे तुह्या बाजेखाली बसेल. हालेचना. म्या भाकर देल्ली, दूध देल्लं, नाही. दोन दिवस पानीबी नाही. तिसऱ्या दिवशी गोदा आली. म्हने, मरन थे. भाकर टाकली, नाही पाह्यलं त्यानं. मंग ते खालीच बसली, त्याच्या जोडीले, मातीत. एक घास आपून खाल्ला, एक त्याच्यापुढं धरला. नाही. पुन्हा आपून खाल्ला, पुन्हा धरला. सारी भाकर अशी आपूनच खाल्ली बाईनं. चवथ्या दिवशी पुन्हा आली. थ्या दिवशी खाल्लं त्यानं. तिच्या हाताले धक्का लागला त मले म्हने, कसं मऊ तोंड हाय वं याचं."

चार-पाच वेळा सांगायला लावलं.

४ जाने.

गोदाकाकूंना भेटायला गेले. अंगणापर्यंत जाताना दोनदा बसले. आभार मानले तर अंगावर आल्या. "आभार कायचे मानतं वं? कुत्र्याले भाकर देल्ली. तुले नाही."

फुंडी त्यांच्या पायाशी पडलेला. मला पाहून शेपटी हलवली, उठला नाही. खरं लिहायचं तर राग आला. एवढा समुद्र ओलांडून आणला तो माझा म्हणून. बाबांचा शेवटचा म्हणून. आणि बाबांची दोन महिन्यांची मेहनत एका म्हातारीने दोन दिवसांत मोडली. आता याला कुणीही काहीही देईल. डुकरांसाठी शेतात विष घालून काय काय ठेवतात इथेही. बांधून ठेवू? पुन्हा शिकवू?

संध्याकाळी पाहिलं, कोपऱ्यावरच्या पोरीने तुकडा दाखवला. तोंड फिरवलं त्याने. म्हणजे मोडलेलं नाही. एक हात वाढवलाय, एवढंच. बाबांना विचारावंसं वाटतं, हे तुम्ही शिकवलं होतं का?

९ जाने.

ताकद आली. सकाळी चूल मी घेतली. चार भाकरी, ठेचा, मेथी. गोदाकाकूंकडे नेणार म्हटल्यावर आ.बाई काळजीत. "पुऱ्या तळून ने. तळेल्याले कोनी नाही म्हनत नाही." मला कळलं त्यांचं. तळलेलं कुणाच्याही हातचं चालतं, त्याला कमीपणा नाही. म्हणूनच नको. गोदाकाकूंनी फुंडीला पुरी दिली नव्हती.

पितळेचं ताट, वर फडकं. गोदाकाकूंनी दारात फडकं उचलून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "कोनं थापल्या?"

"मी."

"हूं." ताट घेऊन आत गेल्या. दार लोटलं. फुंडी त्यांच्यामागे आत.

आ.बाई म्हणतात, इथे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून येतं, चिमूटभर मीठ का होईना. आणि खायचंच नसेल तर जसं नेलं तसं भरलेलं येतं, त्याच दिवशी, पोराच्या हाती.

१० जाने.

आलं नाही. भरलेलंही नाही.

१२ जाने.

हे आले, संक्रांतीसाठी. सोबत तिकडच्या जिनचं पत्र. शिमग्यापर्यंत थांबता येत नाही, दुसरा माणूस मिळतोय, हो की नाही ते ताबडतोब कळवा. बोटीत कुत्र्यालाही जागा होईल असं खाली लिहिलंय. चांगली माणसं आहेत.

ह्यांनी सकाळपासून तीनदा विचारलं. घाई करत नाहीत, पण पत्र खिशातून काढतात, ठेवतात. गुरुवारच्या डाकेने उत्तर जायला हवं.

"काय लिहू?"

म्हटलं, "थांबा. ताट परत येऊ द्या."

"कायचं ताट?"

आ.बाईंनी सांगितलं त्यांना. ते ओट्यावर जाऊन बसले, गोदाकाकूंच्या दाराकडे तोंड करून. मीही बसले. दार उघडंच होतं, आत तवा वाजत होता.