टाकीतलं बियाणं

१९ मार्च

प्रिय चिमण्या,

आशीर्वाद आहेतच, पण आधी वेळेवर जेवत जा. फोनवर आवाज अगदी खोल गेलेला वाटला. इथे बाबांचा खोकला कमी आहे, आईचे गुडघे जसेच्या तसे. होडीवाल्या काकांनी नवं इंजिन बसवलंय आणि दिवसभर ते सगळ्या किनाऱ्याला ऐकवत असतात.

तू राजीनामा लिहून ठेवलास हे कळल्यापासून बाबा हवेत आहेत. तुझ्यासाठी नवे दोर वळायला घेतलेत. "धाकटा आला की खाडीत समुद्रशेवाळाच्या दोरांची आणखी एक ओळ टाकू," म्हणे.

बियाण्याचं विचारलं होतंस. बीजासाठी ठेवलेल्या शेवाळाने टाक्या भरल्यात. पानं हातभर लांब, तजेलदार. बघणारा म्हणेल, यंदा चांदी आहे. प्रयोगशाळेत नोकरीला नसते तर मीही तेच म्हणाले असते.

पानावर जिथे बीज धरतं तो तुकडा मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला. आत बीज नाहीच रे. त्याच्या जागी विषाणू ठासून भरलेत. शेवाळाच्या पेशीतच मुक्काम ठोकून होते, पिढीमागून पिढीत गुपचूप उतरत आले, यंदा उठले. पान मरत नाही, वाढतंही छान, फक्त बीज देत नाही. यावर औषध नाही. आणि बाबांचा हट्ट तुला ठाऊक आहे, परकं बियाणं आपल्या दोराला लावायचं नाही. त्यामुळे खाडीतला आपला प्रत्येक दोर एकाच घराण्यातला. आता बाहेरचं आणलं तरी त्यालाही लागेल, पाणी एकच ना.

तू म्हणशील, ताईच्या फ्रिजमध्ये जुन्या बियाण्याची बाटली आहे की. मीही त्याच भरवशावर होते. काल तपासली. तीही गेली, तिच्यातही तोच विषाणू.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी टाकीत हात घालून विचारतात, "बीज सुटलं का गं?" मी म्हणते, पाणी अजून गार व्हायला हवं. मग ते मासळीच्या धक्क्यावरून बर्फ आणतात, डोक्यावरून, आणि हळूहळू टाकीत सोडत बसतात. मला बघवत नाही.

राजीनामा फाडून टाक. रजा मात्र काढ, चार दिवसांची. टाक्या रिकाम्या कराव्या लागतील, आणि तेव्हा बाबांना धरून बसायला कुणीतरी लागेल. दोन्ही मला एकटीला जमणार नाही.

तुझी,
ताई