नऊ कुपनं, अटी लागू

३ मार्च, रविवार. सकाळी ८.२०

पुन्हा टाचेखाली ठोकळा. ओरडलो नाही, फक्त मटकन बसलो. बसलो तो नेमका कापडी जिराफावर.

ही म्हणाली, एक तर या घरात खेळणी राहतील नाहीतर मी. यादीत माझं नाव नव्हतं, तेवढं बरं वाटलं. मग म्हणाली, यातलं निम्म्याहून जास्त तू आणलेलं आहेस, आणि प्रत्येक वस्तू तू कुठे तरी आला नाहीस म्हणून आलेली आहे. जिराफ म्हणजे लेकीच्या शाळेतलं नाटक. ठोकळे म्हणजे तिच्या कपाळाला टाके घातले तो दिवस. बायकोची स्मरणशक्ती वाखाणण्यासारखी आहे.

आजपासून कानाला खडा. लेकीसाठी घरात एकही वस्तू आणायची नाही. मिळेल ते गोळा करून खणात ठेवते, म्हणून तिचं नाव मी खारूताई ठेवलंय. चौदा तारखेला ती नऊ वर्षांची होईल. या वेळची भेट जागा न व्यापणारी असेल.

५ मार्च, मंगळवार. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

इंटरनेटवर चार लेख वाचले. सगळ्यांचं म्हणणं एकच: मुलांना वस्तू नको, वेळ द्या. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या. द्या म्हणजे कसा द्या, कुठल्या नमुन्यात, हे कुणीच सांगत नाही.

बावीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढली. जी गोष्ट कागदावर नाही ती दिली असं म्हणता येत नाही, एवढं मला कळतं. तेव्हा कुपनं.

९ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

कुपनं तयार. नऊ वर्षांची म्हणून नऊ. ‘अख्खा दिवस बाबांबरोबर’ तीन. ‘बाबांनी सांगितलेली गोष्ट’ दोन. तळ्यावर नाव वल्हवणे, वाचनालय, केक करणे आणि सायकल शिकणे, प्रत्येकी एक. (सायकल मला स्वतःला येत नाही, पण तत्त्व माहीत आहे.) जाड कागद, रंगीत कडा, वर लॅमिनेशन.

मागच्या बाजूला अटी. ४८ तास आधी लेखी सूचना हवी. ऑफिसचं काम निघाल्यास कुपन पुढे ढकलता येईल. कुपन हस्तांतरणीय नाही. बदल्यात खेळणं मिळणार नाही. अंतिम निर्णय बाबांचा. अक्षरं जरा बारीक झालीत, पण अटी बारीकच शोभतात.

हिने मागची बाजू बराच वेळ वाचली. मग म्हणाली, कागदी घोडे नाचवायची तुझी सवय आता घरात पण आली का? मी म्हणालो, कागदी घोडे जागा कमी घेतात, हाच तर मुद्दा आहे. तिला पटलं असावं, कारण तिने कुपनं माझ्या हातात परत दिली.

१४ मार्च, गुरुवार. रात्री ८

वाढदिवस. पोचलो तोवर केक कापून झाला होता. मेहुणा हात हलवत आला होता. म्हणजे काहीच आणलं नव्हतं. सकाळी खारूताईला पोहायला घेऊन गेला, दुपारी परत आणून सोडलं, संपलं. कसलं नियोजन नाही, कसली नोंद नाही. लोक असे कसे जगतात कळत नाही.

खारूताईने पाकीट उघडलं. आत अजून काही आहे का म्हणून हलवून पाहिलं. मग एकेक कुपन वाचलं आणि चेहरा असा फुलला की मी क्षणभर दुसरीकडे बघितलं. हस्तांतरणीय म्हणजे काय, असं तिने विचारलं. वीस मिनिटं उदाहरणांसह समजावलं. नंतर तिने आपल्या टेबलाचा वरचा खण रिकामा केला. दगड, रिबिनी, पिसं सगळं पिशवीत भरून हिच्या हवाली केलं आणि खणात फक्त कुपनं ठेवली.

भेट यशस्वी. पसाराही कमी झाला.

१७ मार्च, रविवार. दुपारी ३

पहिला दावा. सकाळी सातला खारूताई बूट घालून माझ्या उशाशी उभी, हातात तळ्याचं कुपन. लेखी सूचना नव्हती. मला वाईट वाटलं, पण एकदा सवलत दिली की पायंडा पडतो. नाही म्हणालो. अकरापर्यंत ती बूट घालूनच बसली होती. नवीन बूट आहेत, सैल व्हावेत म्हणून असेल.

१९ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.४०

न्याहारीच्या बशीखाली कागद. पेन्सिलीने लिहिलेला. ‘प्रति, माननीय बाबा यांस. विषय: तळ्यावर नावेत बसण्याबाबत. महोदय, मी आपली मुलगी असून मला नावेत बसायची फार इच्छा आहे. तरी रविवारी न्यावे ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक.’ अर्ज कसा लिहायचा ते आईला विचारलं म्हणे.

काय सुंदर मसुदा! ‘असून’ किती अचूक वापरलंय. तारीख मात्र नव्हती. ‘त्रुटीपूर्तीसाठी परत’ असा शेरा मारून दिला. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, साहेबसुद्धा हसले. शेजारच्या बाई हसल्या नाहीत. त्यांना विनोद कळत नाही.

२३ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५

तारीख घालून अर्ज परत आला. पण ऑफिसात ऑडिट. अट क्रमांक दोननुसार पुढे ढकललं. कारण लेखी दिलं, आणि शेवटी ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असंही लिहिलं. तोंडी कधी म्हणालो नसतो. कागदाचा हा फायदा.

१३ एप्रिल, शनिवार. दुपारी १

पहिलं कुपन वटलं! वाचनालय. साडेदहा ते सव्वाअकरा. मधे चार फोन आले म्हणून मी बाहेर पायऱ्यांवर होतो. आत येऊन पाहिलं तर खारूताई एका खुर्चीत वाचत होती आणि शेजारची खुर्ची तिने पिशवी ठेवून अडवून धरली होती. मी बसणार तेवढ्यात पाचवा फोन.

घरी येऊन कुपनाला पंचिंग मशीनने भोक पाडलं. ही म्हणाली, तू तर पायऱ्यांवर होतास. मी म्हणालो, पायऱ्या वाचनालयाच्याच आहेत.

११ मे, शनिवार. संध्याकाळी ६.३०

धक्कादायक प्रकार. खारूताईला सायकल येते! मेहुण्याने तीन संध्याकाळी मागे धावून शिकवली. हा सरळसरळ अट क्रमांक तीनचा भंग आहे. कुपन हस्तांतरणीय नाही, हे मी मेहुण्याला लेखी कळवलं. सायकलचं कुपन रद्द केलं.

खारूताई म्हणाली, बाबा, खाली येऊन बघता का, मी दोन्ही हात सोडून चालवते. म्हणालो, आलोच. खिडकीतून थोडं दिसलं.

१५ मे, बुधवार. सकाळी ७

ही चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. घरात छान शांतता आहे. छातीत मात्र काहीतरी टोचत राहतं. ॲसिडिटी असावी. चहा कमी करायचा.

१४ जून, शुक्रवार. दुपारी २

ऐतिहासिक निर्णय. ‘अख्खा दिवस बाबांबरोबर’ मंजूर! रविवार, १६ जून. अर्जात एकही त्रुटी नाही, शाईने लिहिलेला. मी ‘मंजूर’ लिहिल्यावर तिने कागद छातीशी धरला. तिच्या आईला सांगायला धावताना दारावर आपटली तरी रडली नाही.

काहीही झालं तरी हा दिवस मोडायचा नाही. फोन बंद. मंजूर म्हणजे मंजूर.

१६ जून, रविवार. सकाळी ११.१५. ऑफिस

साहेबांना सोमवारी एक जुनी फाइल लागणार आहे. ती आजच काढून ठेवलेली बरी, म्हणून आलो. तासाभराचं काम. तिला तसं सांगून आलोय.

दुपारी २. फाइल साडेअकरालाच सापडली.

दुपारी ३.३०. आता लिहूनच टाकतो, वाचणार कोण आहे. साहेबांनी फाइल मागितलीच नव्हती. सकाळी उठलो तर खारूताईने दिवसाची यादी करून भिंतीला चिकटवली होती. आठ ते आठ. त्यात दहा ते बारा ‘बाबांशी गप्पा’. ते वाचलं आणि मी बूट घातले. दोन तास! तिच्याशी काय बोलायचं ते मला माहीत नाही. शाळा कशी आहे विचारतो, ती छान म्हणते, मग आम्ही दोघं पंख्याकडे बघतो. माझ्याकडे चार मिनिटांपेक्षा जास्त माल नाही, आणि तिला ते अजून कळलेलं नाही. एक अख्खा दिवस गेला तर कळेल. मला भीती वाटते, बस्स.

संध्याकाळी ५.३०. उरलेला दिवस पुन्हा कधीतरी देता येईल. तशी तरतूद करतो. आता घरी जावं.

९ जुलै, मंगळवार. सकाळी ८

तीन आठवड्यांत एकही अर्ज नाही. प्रलंबित दावे शून्य. आमच्या विभागात असं झालं असतं तर ऑफिसभर कौतुक झालं असतं.

न्याहारीची बशी उचलून बघायची सवय लागलीय. खाली काही नसतं.

४ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०

न्याहारी करताना सहज विषय काढला की तुझी सात कुपनं शिल्लक आहेत. खारूताई म्हणाली, हो बाबा. म्हटलं, मग? तर म्हणाली, काही घाई नाही, तुम्हाला कामं असतात. किती समजूतदार झालीय. मला तो समजूतदारपणा अजिबात आवडला नाही. ही आपली बशी उचलून आत गेली.

१७ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९

परिपत्रक काढलं. सर्व अटी शिथिल. लेखी सूचना नको, तारीख नको, पेन्सिल चालेल. मुदत बेमुदत. खारूताईच्या दाराखालून आत सरकवलं. पाच मिनिटांनी ती बाहेर आली, थँक यू बाबा म्हणाली आणि दात घासायला गेली.

उद्या उशाशी उभी असेल. लवकर उठायचं. गप्पांसाठी विषयांची यादी केलीय. बावीस विषय निघाले. एक नंबरला शाळा आहे.

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.३०

सहापासून डोळे मिटून पडून होतो. कुणी आलं नाही. खारूताई सातलाच मामाबरोबर सायकलवर गेली म्हणे. मला उठवलं का नाही, असं हिला विचारलं. ही म्हणाली, तिने विचारलं होतं, बाबांना उठवू का. मग स्वतःच म्हणाली, नको, झोपू दे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.५०

बशीखाली अर्ज! इथे जसाच्या तसा उतरवतो.

‘प्रति, माननीय बाबा यांस. विषय: कुपनं परत घेण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवते की तुम्ही दिलेली सात कुपनं, माझे नऊ अर्ज, त्यावर तुमची उत्तरं आणि एक परिपत्रक यांचा माझ्या खणात फार पसारा झाला आहे. खण बंद होत नाही. मला तिथे दुसऱ्या वस्तू ठेवायच्या आहेत. तरी रविवारी सकाळी हे सगळं परत घ्यावे ही नम्र विनंती. तुम्हाला यायला वेळ नसेल तर फक्त सही केली तरी चालेल, मी स्वतः आणून देईन. आपली आज्ञाधारक.’

दुपारी १. ऑफिसात दोन तास या कागदात चूक शोधतोय. तारीख आहे. विषय आहे. शाई आहे. ४८ तासांची सूचना आहे, आणि तिची गरजसुद्धा नव्हती, मीच अट काढून टाकली होती. सोबतच्या कागदांची यादी जोडलीय. बावीस वर्षांत मी हजारो अर्ज परत पाठवले, एका काना-मात्रेवरून पाठवले. या एकाच अर्जात एक चूक हवी होती. शेजारच्या बाईंना दाखवला. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, यात काही त्रुटी नाही हो.

१५ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७

सही केली. खारूताईने पुठ्ठ्याच्या खोक्यात सगळं नीट लावून आणलं, टेबलावर ठेवलं, थँक यू म्हणाली. खाली मेहुणा दोन सायकली घेऊन थांबला होता. दोघं तळ्यावर निघाली होती, नावेत बसायला.

सकाळी ७.४०. तिच्या पावलांचा आवाज जिन्यात गेला आणि काय झालं कळलं नाही, समोर होता तो कागद ओढला. ‘प्रति, खारूताई यांस. विषय: मलाही तळ्यावर नेण्याबाबत.’ पुढे महोदया लिहिलं आणि खोडलं. मजकूर सुचला नाही. नुसती सही करून तसाच पायजम्यावर खाली धावलो. मेहुणा दुसरीकडे बघत होता. ती सायकलवर एक पाय टेकवून उभी होती.

तिने अर्ज पूर्ण वाचला. माझ्या पायात चपला नाहीत हे पाहिलं. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, बघू.

नाही म्हणालेली नाही, एवढी नोंद करून ठेवतो.