शेवंतीच्या बारीक रेघा

मुलुंड, मंगळवार

प्रिय हेमू,

फोन केला की तू "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस, म्हणून हे कुरिअर. पाटीचा फोटो मुद्दाम पाठवत नाही. फोटोत तुझं अक्षर देखणंच दिसतं.

आणि ते आहेच देखणं. उभा दांडा भरदार, आडवी रेघ केसाएवढी, इंग्रजी अक्षरांना टोकाशी नाजूक पाय. त्या फॉन्टला तू आईचं नाव दिलंस, तेव्हापासून ती मुलुंडभरच्या लग्नपत्रिका गोळा करतेय. कुठे ते अक्षर दिसलं की म्हणते, बघा, ही मी. मी म्हटलं, जाड भाग तुझा, बारीक माझा. त्या दिवशी चहा नाही मिळाला.

मी ब्रश घेऊन वर आलेला माणूस. बोर्ड लिहायचा आणि रस्त्यापलीकडे जाऊन डोळे किलकिले करून बघायचा, एवढीच माझी विद्या. आपल्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्याच्या पाट्या लावायचं काम मला मिळालं. आर्किटेक्ट राजेश म्हणाला, काका, सगळीकडे एकच अक्षर, शेवंती. धोक्याच्या पाट्यासुद्धा, राखाडी भिंतीवर सोनेरी. मी म्हटलं, अरे, खड्ड्याचं आमंत्रण छापतोयस का? तो हसला.

काल मथुराआत्याला नवी जागा दाखवायला नेलं. तळमजल्यावर उजेड मिणमिणता. मी राजेशशी बोलत होतो. आत्याच्या बांगड्या आधी भिंतीपाशी वाजल्या, मग तोच आवाज खालून परत आला, विहिरीतून यावा तसा. धावलो. हातात पदर आला. लिफ्टच्या खड्ड्याला अजून दार नाही, नुसता पडदा आहे. शेजारी पाटी: 'थांबा. पुढे खड्डा आहे.' त्या उजेडात बारीक रेघा भिंतीत विरून गेल्या होत्या. उरले होते नुसते उभे दांडे, कुंपणाच्या काठ्यांसारखे. आत्या म्हणाली, मेल्या, माझो पदर फाडलंस. ती तिकडे का वळली, कळलं ना? आपल्या चाळीचं देवाचं ठिकाण तिथेच होतं. नारळ ठेवायची जागा पाय विसरत नाहीत.

मी पाटीवर लाल रंगाने जाड अक्षरात लिहिलं, फळी आडवी ठोकली. आज जाऊन बघतो तर रंग पुसलेला, फळी गायब. पडदा नवा, त्यावर झेंडूचं तोरण. राजेश म्हणतो, काका, लूक बिघडतो. दारं पुढच्या आठवड्यात येतील. पाटीचं म्हणाल तर अक्षर तुमच्या हेमांगीचं, तिने लिहून दिलं तर बदलतो.

रविवारी गृहप्रवेश आहे. देवाला गाऱ्हाणं घालण्याआधी सगळ्या म्हाताऱ्या रिवाजाप्रमाणे देवाच्या जागी नारळ ठेवायला निघणार. मी किती पदर धरू? तू हे मिळताच राजेशला लिही, स्वतःच्या नावानिशी, की हे अक्षर इथे चालणार नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. तिला बजावलं, त्या बाजूला फिरकू नकोस. ती म्हणाली, अहो, तिथे माझ्या नावाचं अक्षर आहे, मला कसली भीती. आणि चाळीतली थोरली सून म्हणून पहिला नारळ तिचा आहे.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा