दोन्ही तळवे डावेच

पानिपत,
८ डिसेंबर १९९७

ती. गोदीबायस जिव्याचा सा. न. वि. वि. (याचा अर्थ मला चौथीतही कळला नव्हता. गुरुजी फळ्यावर लिहायचे म्हणून लिहितो.)

भाऊ पळाला, भाऊ पळाला हे अजून किती पत्रांत लिहिशील? ऐन भाताच्या आवणीत बापाला न सांगता ट्रकवर चढलो, कबूल. तो म्हणाला परत तोंड दाखवू नको. दीड वर्ष दाखवलं नाही. एवढं ऐकणारं पोर खोडाळ्यात दुसरं आहे का सांग.

इथं कारखान्यात दिवसभर कंबलांच्या घड्या घालतो आणि पाय माझेच गारठतात. आपली थंडी शेकोटी बघून जरा मागं सरते. इथली बुटात शिरून बसते. आमचे एक चाचा कंबल कापून उरलेल्या लोकरी तुकड्यांचे बुटात घालायचे तळवे शिवतात. त्यांनी मला शिकवलं. पहिला तळवा शिवून उठलो तर तो माझ्या पँटीलाच शिवलेला. जेवणाच्या सुट्टीत तसाच हिंडलो. चाचा म्हणाले, असा दर्जी अख्ख्या पानिपतात नाही. मला वाटलं, कौतुक करतात.

तू बाच्या पायाभोवती पेन्सिल फिरवून पाठवलेला कागद मिळाला. केवढा तो पाय, बोटं दुसऱ्या पानावर गेलीत. त्यावरून जोडी शिवून पार्सल केली आहे. सकाळी दवात लाकडांना जातो, टाचा फुटतात त्याच्या, म्हणून. कोणी शिवली ते आपणहून सांगू नको. तरी कळलंच तर तो काय म्हणतो ते लिही. शिव्या दिल्या तर सगळ्या लिही, गाळू नको. घरी यायचं का नाही ते मला त्यावरनंच कळेल.

आईच्या पाया पडतो. तुझी माया आहे तेवढीच असू दे, वाढली तर आणखी बोलशील.

तुझा
जिव्या


खोडाळा,
३ जानेवारी १९९८

चि. जिव्यास गोदीचा आशीर्वाद.

पार्सल पोचलं. अरे शहाण्या, बाच्या पायात जन्मात कधी बूट पाहिलास का? तळवे घालायचे कशात? तू तर तू, कागद काढताना माझ्याही डोक्यात आलं नाही. आईनं एका तळव्यानं भाताचं तापलेलं पातेलं उतरवलं. म्हणाली, पोरानं कामाची वस्तू पाठवली. बानं ती तिच्या हातातून ओढूनच घेतली.

नाव सांगायची वेळच आली नाही. टाके बघून म्हणाला, हे त्या येड्याचंच काम. मग अंगणात बसून दोन्ही पाय त्यांवर ठेवून बघत बसला. आई दोनदा जेवायला बोलावून गेली तरी उठला नाही.

शिव्या दोनच दिल्या, त्या तुला पाठ आहेत. मग म्हणाला, दोन्ही तळवे डाव्या पायाचे आहेत, या पोराला बापाचा उजवा पाय आठवत नाही का. चूक माझी रे. तो टोपली विणत बसला होता, उजवा पाय अंगाखाली होता, डावाच काढता आला. म्हटलं, थांब, उजव्याचंही माप काढून पाठवते. तर पाय आखडून घेतला. म्हणाला, ज्यानं शिवलं त्यानं येऊन माप घ्यावं.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाला. आता तुझं तू ठरव.

जिवाला जप, नीट जेव.

गोदी


पानिपत,
१५ जानेवारी १९९८

ती. गोदीबायस जिव्याचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा चाचांना हिंदीत सांगितलं. ते हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, अरे गधे, कंबल दोन्ही बाजूंनी सारखंच, एक तळवा उलटा टाक, झाला उजवा. महिनाभर तळवे शिवतोय मी, गोदीबाय, आणि मला हे कळलं नाही!

पण बा जन्मभर टोपल्या विणतो. आतली बाजू, बाहेरची बाजू आंधळ्यासारखी हातानं ओळखतो. त्याला कळलं नसेल? तू विचारायला जाऊ नको. तळवा उलटून दाखवू नको, आईलाही बजाव. उजवा पाय आहे तसा राहू दे.

मालकाकडे सुट्टी मागितली. कशाला, असं त्यानं विचारलं तर खरं ते सांगितलं, बापाच्या पायाचं माप घ्यायचं आहे. तो म्हणाला, तुझा बाप कुठला राजा आहे का. मी हो म्हटलं. सुट्टी दिली, पगार कापणार आहे.

शिमग्याला चार दिवस असताना पोचतो. बा दारात असला तर मी काय बोलायचं ते तेवढं सुचवून ठेव. मला काही सुचत नाही. आईला नमस्कार. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा
जिव्या

ता. क. बाजारात बाला बूट घेऊन दे. नको म्हणेल, तरी ने. मनीऑर्डर केली आहे, तीनशे रुपये.