गृहमाता पाहिजे

कॅन्सस,
१४ नोव्हेंबर १९७८

ती. व्हर्ना मावशीस,

वेंडलचा नमस्कार. (लोकरीचे मोजे घालतोय. तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगून टाकलं.) तुझी कंबर कशी आहे? रॉय तुला अजून ॲरिझोनातल्या त्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत न्यायचं म्हणतोय का? शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चारशे पोरांना धाकात ठेवलेल्या बाईनं तिथं निवडुंगाकडे बघत बसायचं, हे मला काही पटत नाही. पण मुलगा तुझा, मी मध्ये बोलणारा कोण?

मी फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या मंडळात, त्यांच्याच घरी राहायला जातो म्हणालो तेव्हा तू लिहिलं होतंस, की ती बड्या घरच्या पोरांची बिअर पिण्याची सोय आहे. बिअरबद्दल मी काही बोलत नाही. पण मावशी, इथं माणूस घडतो! पहिल्या सहामाहीत मी जेवताना मीठ मागायला लाजायचो आणि मुकाट्यानं अळणी खायचो. आता मी मिठाबद्दल ठराव मांडतो, त्याला अनुमोदन मिळवतो आणि कुणी दुरुस्ती सुचवली तर ती हाणूनही पाडतो. (मीठ येईपर्यंत जेवण संपलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.)

नेतृत्वाची खरी कसोटी मात्र आता लागली आहे. आमच्या गृहमाता, म्हणजे घरात राहून आम्हा पोरांवर लक्ष ठेवणाऱ्या मिसेस गुंडरसन, अकरा वर्षं इथं राहून ऑक्टोबरात मुलीकडे कायमच्या गेल्या. लगेच फ्रॅटर्निटीच्या मुख्य कचेरीचं पत्र: नाताळपर्यंत नवी गृहमाता राहायला आली नाही, तर घराला कुलूप. बाकीच्यांचं ठीक आहे, त्यांना गावभर ओळखी. मला मात्र या घराबाहेर अख्ख्या कॉलेजात नावानं हाक मारणारं कुणी नाही. तेव्हा एक शोध समिती नेमली गेली आणि मी एकमतानं तिचा प्रमुख झालो. (त्या सभेला मी गैरहजर होतो.)

परवाच्या रविवारी मिसेस प्रुइट नावाच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंना जेवायला बोलावलं. आम्ही अडतीस जण टाय बांधून खुर्च्यांमागे उभे. आमचा नियम असा, की बाई बसल्याशिवाय कुणी टेकायचं नाही. बाईंचा नियम असा, की पाहुण्यानं यजमानांच्या आधी बसू नये. त्या हसल्या, आम्ही हसलो. त्या म्हणाल्या, ‘बसा ना’, आम्ही म्हणालो, ‘छे छे, आधी तुम्ही’. दहा मिनिटांत मांस गार झालं आणि रश्शावर साय धरली. शेवटी आमचा अध्यक्ष डेनिस कोवालिक यानं ठराव मांडला, की सर्वांनी एकाच क्षणी बसावं. ‘अनुमोदन!’ रँडी ओरडला. (त्याला भूक अनावर होते.) तेवढ्यात मागून कुणीतरी दुरुस्ती सुचवली, की ‘एकाच क्षणी’ऐवजी ‘तीन म्हटल्यावर’ असं असावं, आणि त्यावर रीतसर चर्चा सुरू झाली.

बाईंचे पाय थरथरताना मला दिसले. आणि मावशी, मी बसलो. सगळ्यांच्या आधी, एकटा! नव्वद वर्षांत या घरात असं कुणी केलं नव्हतं.

‘वेंडल, लाज वाटते का रे?’ डेनिस दातओठ खात म्हणाला.

‘वाटते. पण आधी बाईंना बसू दे,’ मी म्हणालो. (एकदाही न अडखळता.)

बाई मटकन बसल्या, मग सगळे बसले. निघताना माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘बाळ, घरात एक तरी शहाणा आहे. पण अडतीस जणांना एक कसा पुरणार रे?’ आणि नकार देऊन गेल्या. मला महिनाभर भांडी घासायची शिक्षा झाली. पण काल रँडी ती पुसायला आपणहून आला आणि कसल्याशा भांडणाबद्दल म्हणाला, ‘वेंडल, तुला काय वाटतं?’ हे मला तुझ्याखेरीज आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, की एक बशी फुटली.

तर असा माझा विकास चालला आहे. रॉयला नमस्कार सांग. उत्तर सवडीनं दे.

तुझा,
वेंडल

ता. क. सवडीनं नको, शुक्रवारपर्यंत दे. गृहमातेची खोली तळमजल्यावर आहे, जिना चढायचा नाही. आम्ही ती पिवळी रंगवली आहे. (पिवळा रंग तुला आवडतो, ही माहिती समितीच्या प्रमुखांनी पुरवली.) तुझं नाव मीच सुचवलंय. रॉयला काय सांगायचं ते तू ठरव, पण ॲरिझोनात तुला कुणी चिडवणारंसुद्धा भेटणार नाही.

आणखी ता. क. इथं मत गुप्त असतं. होकाराला डब्यात पांढरी गोटी टाकायची, नकाराला काळी, आणि एक जरी काळी निघाली तरी नाव बाद. तुझ्या वेळी सदतीस पांढऱ्या निघाल्या आणि एक काळी. ती कुणाची, यावरून काल दिवसभर आरडाओरडा चालला होता. मावशी, ती माझी होती. नाव मीच सुचवलं, पण आई गेल्यापासून तू माझ्या एकट्याची आहेस, आणि डबा हातात आल्यावर तुला अडतीस जणांत वाटायचं माझ्या जिवावर आलं. आज सकाळी डेनिसनं पुन्हा मतदान घेतलं. या वेळी मी पांढरी टाकली. ये.