न ऐकता दिलेले आणे

मी, रामहरी सखाराम बोराटे, वय अदमासे अडुसष्ट, धंदा चहाचे हॉटेल, राहणार इंदापूर, मोटार स्टँडसमोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे शिक्षण मराठी तिसरीपर्यंत झाले आहे. अक्षरात आणि कायद्यात चुका असतील, त्या चुकांचा फायदा कोणी घेऊ नये. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, डोळे ठीक आहेत. कचेरीतल्या लिहिणाऱ्याने "सर्व इंद्रिये शाबूत" असे लिहायला सांगितले होते. ते मी लिहीत नाही, कारण माझे कान गेले आहेत. त्याला दोन वर्षे झाली. बायको सिंधुबाई आणि आता शेजारचा राजमहंमद शिंपी व भाजीवाली बनाबाई सोडली तर हे कोणाला ठाऊक नाही. माणूस तोंडासमोर बोलला तर ओठांवरून आणि थोडे आवाजावरून कळते. गाणे कळत नाही. गाणे मला डब्यात खडे हलवल्यासारखे येते.

हे आधीच लिहिले, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

कलम १. हॉटेलची जागा, मागची खोली, भांडी, बाकडी हे सर्व सिंधुबाईचे, ती आहे तोवर. तिच्यामागे मुलगा मोहनराव याचे. तो साखर कारखान्यात कारकून आहे. त्याने "आई, तू माझ्याकडे चल" म्हणून हॉटेल मोडू नये. स्टोव्हची टाकी गळते, ती आधी बघून घ्यावी. मी गेल्याच्या गडबडीत कोणी पेटवील आणि भडका होईल, ही काळजी मला फार आहे.

याच कलमात आणखी एक. गिऱ्हाईक म्हणते, सिंधुबाई हल्ली फार तापट झाली, एक चहा मागितला तर अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडते. ती तापट नाही. गिऱ्हाइकाने काय मागितले ते मला कळावे म्हणून ओरडते. माझे बहिरेपण झाकायला तिने वाईटपणा घेतला. तोंडाने सांगायला गेलो तर "पुरं झालं" म्हणेल, म्हणून इथे लिहितो.

कलम २. धाकटा भाऊ सावळाराम याने भज्यांची मोठी कढई मुलीच्या लग्नाला नेली ती परत आणली नाही. मी विसरलो असे त्याला वाटते. मी विसरलेलो नाही. कढई त्याला दिली असे समजावे. मात्र हा त्याचा वाटा होता असे त्याने कुठे सांगू नये.

कलम ३. ग्रामोफोन, रेकॉर्डी आणि बाहेरचा फळा.

यांची वाटणी लिहिण्याआधी मला बरेच लिहावे लागेल. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

बारामतीच्या दुकानातून नवीन रेकॉर्ड आली की बाजाराच्या दिवशी मी ती हॉटेलात लावायचो आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने माझे मत लिहायचो. प्रत्येकी सोळा आण्यांपैकी आवाजाला किती, शब्दांना किती, चालीला किती, आणि रेकॉर्डीच्या मागच्या बाजूला किती. लोक चहा न पिता नुसता फळा वाचून जात. कोणती रेकॉर्ड घ्यायची, जत्रेला कोणत्या बाईला बोलवायचे, हे त्यावर ठरू लागले. मला याचा अभिमान होता. सरकारने नवे पैसे काढले तेव्हा राजमहंमद म्हणाला, "तात्या, आणा गेला की वो. बायांना आजून आण्यातच मोजता व्हय?" मी म्हणालो, "आवाजाला नवा पैसा चालत न्हाय."

मी फक्त बायकांच्या रेकॉर्डींवर लिहीत असे. बुवांच्या रेकॉर्डी वाजवायचो, पण त्यांना आणे देत नसे. त्याचे कारण सांगतो. गाणाऱ्या पुरुषाला वाईट म्हणायला लोक कचरतात. गाणाऱ्या बाईला मात्र कोणीही उठावे आणि काहीही म्हणावे, गाणे न ऐकता सुद्धा. मला वाटे, निदान एका माणसाने तरी कान देऊन ऐकावे आणि मग बोलावे.

आणि मी ऐकत असे, हे खोटे नाही. एका बाईचा आवाज खाली भरदार होता, पण वर चढताना ती श्वासासाठी शब्द मधेच तोडायची. तिला मी अकरा आणे दिले आणि शब्द कुठे तुटतो ती जागा लिहिली. एकीच्या गळ्यात गोडवा इतका की शब्द त्यात विरघळून जात, कळत काहीच नसे. तिला आवाजाचे चौदा, शब्दांचे पाच. मागची बाजू मी कधी सोडली नाही. कंपनीवाले पुढच्या बाजूला खपणारे गाणे घालतात आणि मागे उरलेले. पण बाईला स्वतःला जे गावेसे वाटते ते बहुतेक वेळा मागेच असते.

मग कान गेले. मी ते कबूल केले नाही. कबूल केले असते तर फळा उतरवावा लागला असता, आणि फळा उतरवला तर मी नुसता चहावाला. म्हणून मी एक युक्ती काढली. राजमहंमदचे शिवणयंत्र माझ्या ओट्याला लागून आहे. गाणे मनाला लागले की त्याचा पाय पायट्यावर थांबतो, हे मी पूर्वीपासून बघत आलो होतो. मी रेकॉर्ड लावायचो आणि त्याच्या पायाकडे बघायचो. पाय थांबला तर बारा आणे, चौदा आणे. चालतच राहिला तर पाच, सहा. शब्दांबद्दल सिंधूला आडून आडून विचारायचो. असे कित्येक बाजार निभावले. कोणाला शंका आली नाही. मला वाटू लागले, हेही एक ऐकणेच आहे.

गेल्या संक्रांतीच्या बाजारी बनाबाईची रेकॉर्ड आली.

बनाबाई माहेरची पिंपळीची. तिला आमच्या शिवेवर दिली आहे. बाजारी माझ्या हॉटेलासमोर वांगी आणि घेवडा घेऊन बसते. भाजीची हाक ती गाण्यात घालायची म्हणे, स्वतःचे शब्द जुळवून, स्वतःच्या चालीत. पुण्याच्या एका रेकॉर्ड कंपनीचे आप्पासाहेब मोटारीची वाट बघत माझ्याकडे चहा पीत होते. त्यांनी ती हाक ऐकली आणि तिला पुण्याला नेऊन रेकॉर्ड काढली. वर छापले, बनाबाई पिंपळीकर. खपली तर दुसरी काढू, असे तिला सांगितले. नरसिंहपूरच्या जत्रेच्या पंचांनी तिला गाण्याची सुपारीही दिली.

त्या दिवशी मी रेकॉर्ड लावली आणि राजमहंमदच्या पायाकडे बघितले. पाय थांबला नाही. पुढची बाजू संपेपर्यंत एकदाही थांबला नाही असे मला दिसले. सिंधू त्या दिवशी मोहनरावाकडे गेली होती, तेव्हा विचारायला कोणी नव्हते. मागची बाजू मी लावलीच नाही. फळ्यावर लिहिले: "बनाबाई पिंपळीकर. आवाज सहा आणे, पातळ. शब्द चार आणे, शेतातले. मागची बाजू ऐकली नाही तरी चालेल."

शब्द मला कळलेच नव्हते. ती समोर वांगी विकते एवढे दिसत होते. जे दिसले ते मी ऐकल्याच्या नावाने लिहिले.

बाजार उठल्यावर ती ओट्याशी आली. फळा कोणीतरी तिला वाचून दाखवला होता. ती भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. तोंडासमोर येऊन म्हणाली, "तात्या, पातळ कुठं वाटलं? जागा सांगा. मी तेवढी सुधारते."

मी काय सांगणार? मी म्हणालो, "समदीकडंच."

ती म्हणाली, "बरं." आणि पाटी उचलून गेली.

पंचांनी सुपारी परत मागवली. आप्पासाहेबांच्या रेकॉर्डी बारामतीच्या दुकानात पडून राहिल्या. बनाबाई बाजारी अजून समोर येऊन बसते, पण हाक मारीत नाही. मला तिची हाक ऐकू येत नव्हतीच, पण तोंड हललेले दिसायचे. आता तोंड मिटलेले दिसते.

शिमग्याच्या नंतर मी राजमहंमदशी भांडलो. कारण वेगळे होते. त्याने मला शिवून दिलेल्या सदऱ्याची बाजूची शिवण बगलेपासून खालपर्यंत वाकडीतिकडी होती, आणि मी शिलाई द्यायला तयार नव्हतो. मी म्हणालो, "ही शिवण हाय का गोगलगाईची वाट?"

तो उठून माझ्या तोंडासमोर आला आणि म्हणाला, "ती बनाबाईच्या रेकॉर्डीची शिवण हाय, तात्या."

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी! संक्रांतीच्या बाजारी तुमी तिला लावली, आन् माजा पाय तिच्या चालीवर गेला. ती धावली की धावायचा, ती सावकाश झाली की सावकाश. हातातलं कापड कुठं चाललंय ह्याची शुद्ध न्हाय मला. शिलाई नगा देऊ, पन त्या बाईला बोल लावू नगा. तुमी सहा आणे लिवलं, तवा मी गप बसलो. म्हनलं, तात्यांचा कान मोठा, आपला पायच गावंढळ."

मी तो सदरा हातात धरून खाली बसलो. दुसऱ्यांची गाणी त्याला थांबवत होती. हिने त्याला आपल्याबरोबर चालवले. आणि मी त्याबद्दल तिचे आणे कापले. त्याच दिवशी मी राजमहंमदला कानांचे सांगितले. त्याने आधी आपल्या पायाकडे बघितले. मग म्हणाला, "म्हंजी दोन वर्सं फळा मी लिवत व्हतो व्हय? आन् एक चहा फुकट न्हाय पाजला!"

त्यानेच मग मला त्या गाण्याचे शब्द सांगितले. बाई रात्रीच्या पाण्याच्या पाळीला वाफ्यांची मातीची दारे मोडून पाणी लावायला गेली आहे:

"पानी आलं पाटाला, मी दारं मोडाया गेले,
चंद्र पडला वाफ्यात, त्येला पायानं सारिले."

मागच्या बाजूला वांगी दाबून बघणाऱ्या आणि न घेता जाणाऱ्या पाहुण्याची थट्टा आहे म्हणे. सबंध स्टँड हसला असता. मी ती बाजू लावली नाही.

बनाबाईच्या आण्यांचे हे सिंधूला दुसऱ्या दिवशी कळले. मी तिला म्हणालो, माझ्या मनात मृत्युपत्र लिहायचे आहे, त्यात हे सगळे खरे खरे लिहीन. मेल्यावर लोक वाचतील, बनाबाईला न्याय मिळेल, आणि मलाही त्यांची तोंडे बघावी लागणार नाहीत. सिंधू चहाचे पातेले घासत होती. ते खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"मेल्यावर? मंग तुमी मरंस्तवर तिनं तोंड मिटून बसायचं व्हय? आन् तुमी लवकर मरताय असंबी काय दिसत न्हाय."

तिचे खरे होते. म्हणून पुढील वाटणी करतो.

(अ) ग्रामोफोन आणि सर्व रेकॉर्डी हॉटेलातच राहाव्यात, सिंधुबाईच्या ताब्यात. रेकॉर्ड लावली की दोन्ही बाजू लावाव्यात. सुई बोथट झाली की बदलावी, कंजूषपणा करू नये.

(आ) फळा माझ्या पश्चात नगरपालिकेच्या शाळेला द्यावा. त्यावर मुलांनी गणिते करावीत, त्यात कोणाचे नुकसान नाही. संक्रांतीच्या बाजाराची ओळ अजून त्यावर आहे. ती दुसऱ्या कोणी पुसू नये, ती माझी मी पुसणार.

(इ) ग्रामोफोन मी बनाबाईला द्यायचा असे आधी ठरवले होते. काल तिला बोलावून आधी कानांचे आणि मग हे सांगितले. ती म्हणाली, "मशीन मला कशाला? त्यात वांगी ठिवू?" मी म्हणालो, निदान फळ्यावर सोळा आणे लिहितो, चारी खणांत सोळा. तेव्हा मात्र ती रागावली. "ऐकलं न्हाय तर सोळा कुठनं आनलं वो? सहाबी खोटं आन् सोळाबी खोटं. ऐकलं न्हाय, एवढं लिवा. ते खरं हाय. आन् त्येच्याखाली मी आंगठा देते."

ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे कचेरीत सांगतात. म्हणून या मृत्युपत्राने बनाबाईला मी काहीही देत नाही. राजमहंमदलाही काही देत नाही. सदऱ्याची शिलाई मात्र आज त्याला चुकती केली.

कलम ४. मृत्युपत्र माणसाच्या मागे उघडायचे असते हे मला माहीत आहे. बाकीची कलमे मागे पाळावीत. पण कलम तीन हे पाडव्याच्या आधीच्या बाजारी, म्हणजे आप्पासाहेब पुण्याहून येतील त्या दिवशी, हॉटेलाच्या ओट्यावरून राजमहंमदने मोठ्याने वाचावे. दुसरी रेकॉर्ड काढायची की नाही हे आप्पासाहेब त्या दिवशी ठरवणार आहेत. त्यांना आणि नरसिंहपूरच्या पंचांना पुढच्या बाकड्यावर बसवावे. मी फळ्याजवळ उभा राहीन. लोक काय म्हणतात ते मला ऐकू येणार नाही, पण दिसेल. ते बघायची मला भीती वाटते आणि काल रात्री झोप लागली नाही, तरी मी उभा राहीन. वाचून झाल्यावर मी फळा पुसीन आणि लिहीन, "बनाबाई पिंपळीकर. लिहिणाऱ्याने ऐकलेली नाही. तुम्ही ऐका." मग सिंधूने रेकॉर्ड लावावी, मागच्या बाजूपासून. त्या वेळी मी लोकांच्या पायांकडे बघणार नाही.

या ठिकाणी "वाचून ऐकले, बरोबर आहे" असे लिहून सही करायची रीत आहे. ऐकले असे मी यापुढे कशाखालीही लिहिणार नाही. वरील मजकूर मी डोळ्यांनी वाचला, बरोबर आहे.

सही: रामहरी सखाराम बोराटे

साक्षीदार:
१. राजमहंमद, धंदा शिवणकाम, राहणार इंदापूर. मजकूर मी मोठ्याने वाचला.
२. बनाबाई (अंगठा), धंदा शेती व भाजी, माहेर पिंपळी. मजकूर मी ऐकला.

मुक्काम इंदापूर, फाल्गुन, शके १८७९, तारीख १० मार्च १९५८