गुरुवारचा सोमवार झाला

गुरु., ८ जाने.
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
आज उपकेंद्रात फिजिओ मॅडम आल्या, बुलढाण्याहून. पंधरवड्यातून एकदाच येतात. लकव्याच्या हाताची बोटं भिंतीवर चढवायला लावतात. जिथं थांबली तिथं पेन्सिलची रेघ अन् नाव. माझी रेघ छातीशी. शेजारच्या शेषरावची कपाळाच्या वर. मला झटका दसऱ्याआधी, त्याला दिवाळीनंतर. मागून आला अन् पुढं गेला. मॅडम त्याला म्हणाल्या, "वा काका!" मला म्हणाल्या, "होईल हळूहळू."

रवि., ११
शे. काठीविना चौकापर्यंत जाऊन आला. मुद्दाम आमच्या दारावरून. आमची ही म्हणते, "पाहा, ते कसे चालून राह्यले. तुमी निरे पडून राह्यता."
तीस वर्षं एसटीत उभ्यानं तिकिटं फाडली मी. हा जन्मभर दुकानाच्या गादीवर. अन् पाय त्याचे...

शुक्र., १६
उपकेंद्रातल्या आशाताईंचा फोन. गुरुवारी मॅडमला मीटिंग आहे, त्या सोमवारीच येणार. "शेषरावभाऊचा फोन लागत नाही, त्यायले तेवढं सांगजा." हाव म्हटलं.
संध्याकाळी तो ओट्यावर तासभर बसला. हवापाण्याच्या गोष्टी. 'विसरलो' असं लिहिणार होतो. विसरलो नाही.

सोम., १९
ही शनिवारपासून लेकीकडं, मेहकरला. रिक्षा मागच्या गल्लीतून नेली.
गुडघेवाल्या दोन बाया अन् मी. मॅडमनी पाऊण तास मलाच दिला. रेघ हनुवटीपर्यंत गेली. "शेषरावकाका नाही आले?" म्हटलं, गावाला गेले असतील. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

बुध., २१
शे. आला, लकव्याच्या हाताचा खांदा धरून. चार दिवसांपासून दुखतो, हात वर जात नाही. सदरा बायको घालून देते.
"उद्या मॅडमले दाखवतो. तोवर कळ काढतो. हा हात गेला त मी संपलो, भाऊ."
आधी बरं वाटलं मला. खरं तेच लिहितो. मग त्याचा चेहरा पाहिला. मॅडम आता थेट ५ फेब्रु.ला. तोंडाशी आलं होतं, चहा घे म्हटलं.

गुरु., २२, सकाळी ९
शे. दारात. अंघोळ करून, टोपी घालून. "चाला भाऊ. तुमाले एकट्याले तो चढ जमत नाही. माह्या या खांद्यावर हात ठेवा, हा चांगला हाय."
शर्ट घालतो म्हणून आत आलो. घातला. बटणं लावून झाली. आता वही घेऊन बसलोय.
उपकेंद्राच्या दारात त्याला कळेलच. त्याआधी इथंच सांगावं. कोणत्या तोंडानं?
बाहेरून आवाज देतोय, "घाई नका करू भाऊ. मी थांबतो."